गुंजभर जोर

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि सणाच्या गोडधोडाने सुस्तावलेली माणसे अंगणात गप्पा मारीत बसली होती. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक लांबलचक माळ सरकत गेली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. तेथे मात्र ही माळ नुसती दिसून थांबली नाही. गावालगत आकाशातून एक धातूचे कडे येऊन पडले. कडे म्हणजे हातातले नव्हे. सुमारे तीन मीटर व्यासाचे, एखाद्या राक्षसाच्या मनगटात शोभावे असे! त्याच तालुक्यातील पवनपारच्या बाजूला एक धातूचा पोकळ गोळा सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ ते पाहण्यास येऊन गेले.

अशी वस्तू गावात पडली म्हणजे तर्काला धुमारे फुटणारच. परंतु या कोड्याचे उत्तर लवकरच हाती आले. उपग्रहांच्या हालचालींची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग यांचा मेळ घालून सांगितले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ जातीच्या रॉकेटचा तिसरा टप्पा त्या रात्री पृथ्वीच्या वातावरणात परत शिरला असावा. उपग्रह आपल्या जागी पोहोचला होता. त्याला तेथवर नेणारे रिकामे नळकांडे वर्षभर घिरट्या घालून आमच्या रानात येऊन पडले होते. गोळे होते ते दाबाखाली वायू साठवण्याचे.

वाचकांपैकी कित्येकांच्या मनात हा प्रश्न आला असेल की, एक उपग्रह वर नेण्यासाठी एवढी टाकाटाक कशाला? आगगाडी मुंबईहून नागपूरला येताना वाटेत डबे टाकीत येत नाही. मग रॉकेटलाच ही खोड का?

डोंगा आणि वल्हे

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. अशा नद्यांतून डोंग्याने पैलतीर गाठणाऱ्या माणसाला न्यूटनचे नाव ठाऊक असो वा नसो, न्यूटनचा तिसरा नियम त्याच्या दंडांत मुरलेला असतो. वल्ह्याने पाणी मागे सारले की डोंगा पुढे जातो. उथळ पाण्यात बांबू तळाशी रोवून जमीन मागे रेटली की डोंगा पुढे जातो. पण डोंग्यात बसून त्याच डोंग्याची नाळ आतून कितीही रेटली, तरी अंगाला घाम येईल. डोंगा पैलतीराला लागणार नाही. पुढे जायचे तर काहीतरी मागे ढकलले पाहिजे, असा हा व्यवहार आहे.

अवकाशात पाणी नाही आणि तळही नाही. मागे ढकलायला जे हवे ते प्रवासाच्या शिदोरीसारखे घरूनच बांधून न्यावे लागते. रॉकेट इंधन जाळते आणि त्याचा धूर प्रचंड वेगाने मागे फेकते, म्हणून ते पुढे जाते. शिदोरी संपली की तिचे भांडेही ओझेच. मग तेही टाकून द्यायचे. लाडबोरीचे कडे म्हणजे असेच एक टाकलेले भांडे.

ही शिदोरी किती जड असते याचे उदाहरण घरचेच घेऊ. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या आपल्या मंगळयानाचे वजन १३३७ किलो होते. त्यांपैकी ८५२ किलो नुसते इंधन! म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश यान हे यान नसून शिदोरीच होती. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांच्या कामासाठी पाठवलेल्या या गुणी यानाने तेथे सात वर्षांहून अधिक काळ काढला. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला, तेव्हा इस्रोने जे संभाव्य कारण सांगितले त्याचा अर्थ एवढाच होता की, शिदोरी संपली असावी.

आता कोणी म्हणाले, ‘शिदोरी नको, काही मागे फेकायला नको, नुसत्या विजेवर चालणारे इंजिन मी बनवले आहे,’ तर शास्त्रज्ञांचे कान टवकारतील की नाही? वीज तर सूर्यप्रकाशापासून फुकट मिळते. असे इंजिन खरे ठरले, तर उपग्रह इंधनाअभावी मरणार नाहीत, मंगळ शेजारच्या गावासारखा होईल आणि दूरच्या ताऱ्यांच्या गोष्टी बोलता येतील.

असे म्हणणारा माणूस खरोखरच निघाला.

तांब्याचा बंद हंडा

रॉजर शॉयर हे ब्रिटिश अभियंते. उपग्रहांच्या कामाचा त्यांना अनुभव होता. २००१ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याकडून या कामासाठी अनुदानही मिळवले. त्यांच्या इंजिनाचे नाव ‘एमड्राइव्ह’. त्याची घडण सांगायला सोपी आहे. तांब्याचा एक हंडा घ्या. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता, आणि दोन्हीकडून झाकण लावून बंद. त्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करतात त्याच जातीच्या. या लहरी आत इकडून तिकडे आपटत राहतात. शॉयर यांचे म्हणणे असे की, रुंद झाकणावर बसणारा रेटा अरुंद झाकणावरच्या रेट्याहून जास्त असतो, आणि ही जी तफावत उरते ती हंड्याला पुढे ढकलते.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेलच की, हा डोंग्याची नाळ आतून रेटण्याचाच प्रकार झाला. हंड्याच्या तिरप्या बाजूंवरही लहरी आपटतात. तो रेटा हिशेबात धरला की सगळी बेरीज शून्यावर येते. सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ या इंग्रजी साप्ताहिकाने या इंजिनावर मोठा लेख छापला, तेव्हा पदार्थविज्ञान जाणणाऱ्या अनेकांनी हाच आक्षेप घेतला आणि संपादकांना बोल लावले.

परंतु विज्ञानाच्या दरबारात ‘असे होऊच शकत नाही’ हे शेवटचे वाक्य नसते. नियम कितीही जुना असो, समोर ठेवलेली वस्तू खरोखर हलली तर नियमालाच मान झुकवावी लागते. म्हणून खरा प्रश्न होता तो हाच की, हंडा हलतो का?

चीनमधील शिआन येथील एका विद्यापीठात यांग ज्वान यांनी तसला हंडा बनवून मोजला आणि अडीच किलोवॅट विजेवर ७२० मिलिन्यूटन जोर मिळाल्याचे जाहीर केले. मिलिन्यूटन हे माप आपल्या घरात नांदत नाही, म्हणून सोनाराच्या भाषेत सांगतो. हा जोर म्हणजे सुमारे सहा तोळे वजन हातावर ठेवल्यावर जाणवेल तेवढा. नंतर अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ‘नासा’च्या एका छोट्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वात पेटीत तसलाच हंडा टांगला. २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांचा निबंध तज्ज्ञांच्या तपासणीतून पार पडून प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा होता दर किलोवॅटला १.२ मिलिन्यूटन.

हा जोर किती? हिशेब केला तर १२० मिलिग्रॅमच्या आसपास वजन निघते. म्हणजे बरोबर एक गुंज! आमच्या रानात वेलीवर वाढणारी लाल, काळ्या डोळ्याची गुंज साऱ्यांनी पाहिली आहे. शहाण्णव गुंजांचा तोळा होतो, हे जुन्या पिढीला सांगायला नको. घरातील इस्त्रीला लागते तेवढी वीज ओतावी आणि गुंजभर जोर मिळावा, असा तो दावा होता. त्यातही प्रत्यक्ष प्रयोगात चाळीस ते ऐंशी वॅट एवढीच वीज वापरली होती. म्हणजे तेथे मोजला गेलेला जोर गुंजेच्या बाराव्या हिश्शाच्या आतबाहेरचा होता.

जगभरच्या वृत्तपत्रांना मात्र गुंजेचा बारावा हिस्सा दिसला नाही. त्यांना मंगळ दिसला.

तराजू कोणी हलवला?

सोनाराकडे गेलेल्या गृहिणीला एक गोष्ट पक्की माहीत असते. तराजूवर पंख्याचा वारा येता कामा नये, पारड्याला कोणाचे बोट लागता कामा नये. सोने जितके थोडे, तितकी ही काळजी जास्त. गुंजेच्या बाराव्या हिश्श्याचा जोर मोजायचा, तर काळजीला अंतच नाही. हंड्यात वीज सोडली की तो तापतो. तापला की धातू फुगतो. फुगला की वजनाचा मध्य सरकतो आणि टांगणी झुकते. विजेच्या तारा पृथ्वीच्या चुंबकत्वात किंचित ओढल्या जातात. हवा असेल तर गरम हवा वर चढते. यांतले काहीही गुंजभर जोराचे सोंग सहज आणू शकते. ह्यूस्टनच्या मंडळींनी स्वतःच आपल्या निबंधात अशा संभाव्य चुकांची यादी दिली होती आणि उष्णतेच्या परिणामाकडे आणखी लक्ष द्यावे लागेल असे नमूद केले होते. हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. ओरड केली ती मथळे लिहिणाऱ्यांनी.

शिआनच्या यांग ज्वान यांनी तर आपल्या दाव्याची परीक्षा आपणच घेतली. बाहेरून येणारी विजेची तार काढून टाकली आणि बॅटरी हंड्याबरोबरच टांगली. २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की, जो काही जोर दिसतो तो मोजण्यातील चुकीच्या मर्यादेत आहे. तार गेली आणि तिच्याबरोबर सहा तोळेही गेले. आपला सहा तोळ्यांचा दागिना आपणच कसाला लावून ‘हे सोने नव्हे’ असे लिहून देणारी माणसे संसारात किती भेटतात?

उरली होती ह्यूस्टनची गुंज. तिचा निवाडा जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात झाला. तेथील प्राध्यापक मार्टिन टायमार हे या कल्पनेचे वैरी नव्हते. इंधनाविना चालणारे इंजिन सापडते का, हाच त्यांच्या गटाचा शोधविषय होता. म्हणजे हंडा हलावा अशी इच्छा असलेल्यांच्या पंक्तीत बसणारा हा माणूस. म्हणूनच त्यांनी घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे.

२०१८ मध्ये त्यांनी हंडा अतिशय नाजूक तराजूवर निर्वात पेटीत बसवला आणि जेमतेम दोन वॅट शक्तीवर चालवला. सुईने जोर दाखवला! दुसऱ्या कोणी येथेच पेढे वाटले असते. टायमार यांनी मग एक साधीशी युक्ती केली. हंड्याकडे जाणारी लहरींची शक्ती वाटेतच अडवली. हंड्यात जवळजवळ काही पोहोचत नव्हते; तारांतून वीज मात्र पूर्वीसारखीच वाहत होती. सुई तेवढाच जोर दाखवीत राहिली. हंड्याचे तोंड फिरवले तरी जोर अपेक्षेप्रमाणे फिरला नाही. म्हणजे ढकलणारा हंडा नव्हता. बहुधा तारा आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा तो खेळ होता.

नंतर तराजू सुधारला, तारांना चुंबकत्वापासून आडोसा केला आणि २०२१ च्या मार्चमध्ये अखेरचे निष्कर्ष मांडले. ह्यूस्टनच्या पद्धतीने हंडा टांगला, तर ह्यूस्टनचा जोर दिसतो. हंडा तापला की त्याला तराजूशी जोडणारा भाग वाकतो आणि तराजूचे शून्यच सरकते. टांगणीची पद्धत बदलली, ही उष्णतेची वाट बंद केली, आणि जोर नाहीसा झाला. ‘थोडासा उरला’ असेही नाही. प्रकाशालाही अतिशय सूक्ष्म रेटा असतो. एक किलोवॅटचा झोत एका दिशेने सोडला, तर गुंजेच्या साडेतीनशेव्या हिश्श्याइतका जोर त्यातून मिळतो. ड्रेस्डेनच्या तराजूने सांगितले की, या हंड्यात तेवढाही जोर नाही. बॅटरीवर चालणारा साधा दिवा त्याहून बरे इंजिन ठरेल!

येथे एक गैरसमज नको. इंधनाविना अवकाशात पुढे जाणे मुळीच अशक्य आहे असे नाही. जपानने २०१० मध्ये ‘इकारोस’ नावाचे यान पाठवले. त्याचे शीड सूर्यप्रकाशाच्या रेट्याने ढकलले जात होते. पण तेथे ढकलणारा बाहेरचा होता, खुद्द सूर्य. शिडाच्या होडीला वारा लागतो तसे ते झाले. आणि माणसाची आशाही संपलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकन कंपनीचे निराळ्या तत्त्वावरचे तसलेच इंजिन एका उपग्रहावर चढवून पाठवण्यात आले. ते सुरू करून पाहण्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, उपग्रहाशी संपर्क तुटला. ती परीक्षा झालीच नाही. न झालेल्या परीक्षेचा निकाल कोणाच्याही बाजूने लावता येत नाही, हेही या शास्त्राचेच सांगणे.

आपोआप हलणाऱ्या वस्तू

मी मराठीचा प्राध्यापक. तांब्याच्या हंड्याची ही कथा मला एवढी लांबवर सांगावीशी का वाटली? कारण ‘कोणी न ढकलता वस्तू हलते’ हा दावा विदर्भाला नवा नाही. आपल्याकडे त्याला शब्द आहे: भानामती. घरावर दगड येतात, दांडीवरचे कपडे पेटतात, शिजलेल्या अन्नात घाण निघते, आणि करणारा कोणी दिसत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक घरे पाहिली आहेत. त्यांची पद्धत आणि ड्रेस्डेनची पद्धत यांत मला फरक दिसत नाही. दगड पडला तेव्हा कोण कोठे होते? अमुक माणूस घरात नसताना तो पडतो का? एकेक वाट बंद करीत जायचे. त्यांचा अनुभव असा की, शेवटी मानवी हात सापडतो, आणि पुष्कळदा तो हात घरातल्याच एखाद्या गांजलेल्या, मनाने दुखावलेल्या माणसाचा असतो. त्याला शिक्षा नको असते, औषध आणि आधार हवा असतो.

ही विचारपूस झाली नाही तर काय होते? ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामती केल्याच्या संशयावरून सात जणांना बांधून गावासमोर मारहाण झाली. त्यांत वृद्ध होते, स्त्रिया होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक वयस्क पुरुष यांना मारहाण करून जाळण्यात आले. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. परंतु कायद्याचा माणूस गावात पोहोचतो तो बहुधा घटना घडून गेल्यावर. घटनेच्या आधी गावात पोहोचू शकतो तो एक प्रश्नच: ‘थांबा, दुसरे काही कारण असेल का?’

हे वाचून शहरातील वाचकाने ‘रानातली माणसे, अडाणी बिचारी’ असा सुस्कारा सोडू नये. गुंजेच्या बाराव्या हिश्श्यावर भाळलेले रानात राहत नव्हते. त्यांच्या नावांपुढे पदव्या होत्या. आणि आपल्या घरातील मीटरच्या शेजारी खोचलेली, वीजबिल निम्मे करणारी ती जादूची डबी? गाडीचे पेट्रोल वाचवणारे ते लोहचुंबक? दुखरे गुडघे बरे करणारे ते कडे? आपण एकदा तरी डबी काढून एक महिना, लावून एक महिना, असे मीटर वाचले आहे का? डबी लावलेल्या महिन्यात बिल कमी आले असेल. पण त्या महिन्यात मुले आजोळी गेली होती काय, पंखे बंद झाले होते काय, हे कोणी विचारले? शहाणपण शहरात आणि भाबडेपणा जंगलात अशी वाटणी देवाने केलेली नाही.

संशय या शब्दाची आपल्याकडे मोठी बदनामी झाली आहे. संशयाने घरे मोडतात, असे आपण ऐकत आलो. पण संशयाचे दोन प्रकार आहेत. एक माणसावर घेतला जातो. तो वणी खुर्दला दोरी घेऊन आला. दुसरा आपल्याच तराजूवर घ्यायचा असतो. त्याने ड्रेस्डेनला टांगणी बदलून पाहिली. पहिल्याला पुरावा लागत नाही, दुसऱ्याचे पुराव्यावाचून चालत नाही.

ड्रेस्डेनच्या मंडळींना इंजिन मिळाले नाही. कित्येक वर्षांचे कष्ट एका शून्यावर येऊन थांबले आणि ते शून्य त्यांनी जगापुढे ठेवले. त्या कामात त्यांनी जे तराजू घडवले, त्यांवर पुढच्या प्रत्येक दावेदाराला आता आपला हंडा ठेवून दाखवावा लागेल. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांना एवढे महाग यंत्र नको. रात्री घरावर दगड पडला, तर कोणाच्या नावाचा पुकारा होण्याआधी कंदील घेऊन घराभोवती एक फेरी मारणारी दोन-चार माणसे गावोगाव निघाली, तरी पुष्कळ झाले.